चौथ्या पोटापासून पुढे: गाईच्या आतड्यातल्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशी

संप्रेरकं म्हटली की डोळ्यांसमोर ग्रंथी येतात. थायरॉइड, ॲड्रिनल, अंडाशय, स्वादुपिंड. त्यांना आकार असतो, ठरलेली जागा असते, शवविच्छेदनाच्या टेबलावर बोट ठेवून दाखवता येतात. पण शरीरातला संप्रेरकं बनवणारा सर्वांत मोठा अवयव असा दाखवता येत नाही, कारण तो एका जागी नाहीच. जठर आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात तो एकेक पेशी करून विखुरलेला आहे. अस्तरातल्या साधारण शंभर पेशींत अशी एखादीच सापडते. शेजारच्या पेशी अन्नरस शोषतात, चिकट स्राव बनवतात, आम्ल सोडतात. ही एक मात्र समोर काय येऊन ठेपलं आहे ते ओळखते आणि त्याची वर्दी रक्तात देते.

माणसात, कुत्र्यात, उंदरात आणि गाईत या पेशी जवळपास सारख्याच असतात. त्यांची नावं तीच, त्यांची संप्रेरकंही बरीचशी तीच. मग गाईबद्दल वेगळं काय लिहायचं? पेशी सारख्या असल्या तरी त्यांच्यापुढे येणारं अन्न अगदी वेगळं आहे. पचनाची संप्रेरकं शिकवताना बहुतेक पुस्तकं माणूस किंवा कुत्रा धरून चालतात: प्राणी जेवला, जठर भरलं, पेशींना अन्न दिसलं, संप्रेरक वाढलं. हाच हिशेब गाईला लावला की चुकत जातो. गाईने काय खाल्लं हे या पेशींना कधी कळतच नाही. कोटीपोटाने, म्हणजे तिच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटाने, पुढे काय पाठवलं, तेवढंच त्यांना कळतं. हे लक्षात ठेवलं तर गाईच्या खाण्याविषयीच्या आणि वासराच्या वाढीविषयीच्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो.

आधी या पेशींचा पत्ता कसा लागला ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असं मानलं जायचं की पचनाचं सगळं नियंत्रण मज्जातंतूंकडे आहे. आतड्यात आम्ल पोहोचलं की स्वादुपिंड रस सोडतं, हे माहीत होतं. निरोप मज्जातंतूंनी जातो, असं रशियात पावलोव्हच्या प्रयोगशाळेचं म्हणणं होतं. जानेवारी 1902 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा निवडला आणि त्याचे मज्जातंतू तोडले. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. त्या तुकड्यात त्यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. स्वादुपिंडाला मज्जातंतूंकडून कळण्याची वाट आता उरलेली नव्हती, तरी ते पाझरू लागलं. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून काढलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. स्वादुपिंड पुन्हा पाझरलं. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि पुढे 1905 मध्ये अशा सगळ्या द्रव्यांसाठी स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. म्हणजे ज्या द्रव्यावरून ‘हॉर्मोन’ ही कल्पना पुढे आली, ते कुठल्या ग्रंथीतलं नव्हतं, आतड्याच्या अस्तरातलं होतं. संप्रेरकांच्या गोष्टीत आतड्याला नंतर जे दुय्यम स्थान मिळालं, ते मला अन्यायाचं वाटतं.

हे द्रव्य नेमकी कुठली पेशी बनवते, हे कळायला मात्र अनेक दशकं लागली. काही विशिष्ट रंगद्रव्यं धरणाऱ्या पेशी जठरात आणि आतड्यात असतात, हे 1870 मध्ये हायडेनहाइनने आणि 1897 मध्ये कुल्चित्स्कीने पाहिलं होतं. त्या तिथे काय करतात याचा अंदाज नव्हता. आज आपल्याकडे प्रतिद्रव्यांची पद्धत आहे. ऊतीचा काही मायक्रोमीटर जाडीचा काप काचपट्टीवर घ्यायचा, ठरावीक संप्रेरकालाच चिकटणारं प्रतिद्रव्य त्यावर सोडायचं आणि ते जिथे चिकटलं तिथे रंग आणायचा.

असा एखादा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पेशीच्या आकारावरूनच तिचं काम कळतं. गाईच्या लहान आतड्याच्या सुरुवातीचा काप घ्या. फिकट निळ्या पेशींच्या रांगेत मध्येच एक तपकिरी पेशी दिसते. बुडाशी फुगीर आणि वर निमुळती होत गेलेली. तिचं अरुंद टोक आतड्याच्या पोकळीपर्यंत पोहोचतं, तिथे तिला बारीक केसांसारखे उंचवटे असतात, आणि समोरून जाणारं द्रव्य ओळखणारे ग्राही त्या टोकावर असतात. तपकिरी रंग मात्र दाटतो तो बुडाशी, कारण संप्रेरक भरलेले सूक्ष्म कण तिथे साठवलेले असतात आणि पलीकडे लगेच केशवाहिनी असते. वरच्या टोकाला खूण पटली की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि बुडाशी साठवलेले कण रिकामे होतात. काही पेशी याहून वेगळ्या असतात. त्यांचं टोक पोकळीपर्यंत जातच नाही. त्यांना अन्न प्रत्यक्ष भेटत नाही, रक्तातून आणि मज्जातंतूंतून जे कळतं त्यावर त्या चालतात. पहिल्या प्रकाराला उघड्या पेशी म्हणतात, दुसऱ्याला बंद.

पहिली तीन पोटं मुकी

गाईच्या पोटाचे चार कप्पे सर्वांना माहीत असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडद्यांचं तिसरं पोट आणि चौथं, ज्याला खरं पोट म्हणतात. यांतलं कोटीपोट प्रौढ गाईत शंभर लिटरहून जास्त माल धरतं. त्यात सूक्ष्मजीव वैरण आंबवतात. स्टार्च, साखर आणि तंतुमय भाग यांचं रूपांतर ॲसिटिक, प्रोपियॉनिक आणि ब्युटिरिक या आम्लांत होतं. ही आम्लं बहुतांशी तिथल्या तिथेच शोषली जातात आणि गाईच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के त्यांतून येते.

एवढी मोठी उलाढाल जिथे होते, तिथे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी नाहीत. पहिल्या तिन्ही पोटांचं अस्तर अनेक थरांचं, वरून कडक, ग्रंथी नसलेलं असतं. प्रतिद्रव्यांनी शोधूनही या पेशी सापडतात त्या चौथ्या पोटापासून पुढेच. कोटीपोटाकडे काहीच जाणीव नाही असा याचा अर्थ नाही. त्याच्या भिंतीत ताण आणि आम्लता ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत आणि त्यांच्यामार्फत मेंदूला बरंच कळतं. पण रक्तात संप्रेरक सोडून वर्दी देण्याची सोय तिथे नाही.

एखाद्याने पत्र लिहावं, वाटेत कुणी ते फोडून त्यातला मजकूर बदलावा आणि वाचणाऱ्याच्या हाती तो बदललेला मजकूर पडावा, तसं इथे होतं. गाय हिरवा चारा खाते, धान्य खाते, पेंड खाते. चौथ्या पोटात पोहोचतं ते बरंचसं सूक्ष्मजीवांचंच शरीर, कोटीपोटात न फुटलेली थोडी प्रथिनं, उरलेला तंतुमय भाग आणि चरबी. ती चरबीही बदललेली असते, कारण सूक्ष्मजीव असंपृक्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून संपृक्त करतात. साखर जवळजवळ पोहोचतच नाही. धान्य भरपूर असेल तर थोडा स्टार्च निसटून येतो.

शिवाय हे सगळं थांबून थांबून येत नाही. माणूस जेवतो, मग काही तास जठर रिकामं राहतं. गाईचं चौथं पोट कधी रिकामं राहत नाही. कोटीपोटातून दिवसरात्र थोडा थोडा माल उतरत असतो, आम्ल सतत पाझरत असतं. त्यामुळे जेवणानंतर माणसात बहुतेक पाचक संप्रेरकांचे जे ठळक चढउतार दिसतात, ते गाईत बरेच सपाट असतात. आपल्याकडच्या भुकेल्या आणि जेवलेल्या अवस्थांची तुलना गाईवर तशीच लादू नये, ती यासाठी.

आम्ल, गॅस्ट्रिन आणि एक जंत

चौथ्या पोटाचा शेवटचा, आतड्याकडचा भाग ‘जी’ (G) नावाच्या पेशींचा. या पेशी गॅस्ट्रिन बनवतात. गॅस्ट्रिन रक्तातून फिरून त्याच पोटाच्या वरच्या भागात येतं आणि तिथल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. आम्ल पुरेसं झालं की शेजारच्या डी पेशींना ते कळतं. त्या सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि जी पेशींना आवरतात. गॅस्ट्रिन आम्ल वाढवतं, वाढलेलं आम्ल गॅस्ट्रिन थांबवतं. व्यवस्था साधी आहे आणि निरोगी जनावरात ती बिनबोभाट चालते.

ती बिघडते तेव्हा तिचं महत्त्व कळतं. ऑस्टरटेगिया नावाचा गोलकृमी समशीतोष्ण हवामानात चरणाऱ्या तरुण जनावरांत फार त्रास देतो. त्याच्या अळ्या गवतावरून पोटात जातात आणि चौथ्या पोटाच्या ग्रंथींमध्ये शिरून साधारण तीन आठवडे तिथे वाढतात. या काळात आम्ल बनवणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि त्यांच्या जागी अपक्व पेशी येतात, ज्यांना आम्ल बनवता येत नाही. दोनच्या आसपास असलेला सामू (पीएच, आम्लतेचं माप) चढत चढत उदासीनच्या जवळ जातो. आम्ल नाही म्हणून पेप्सिनोजेनचं पेप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर, होत नाही. ते अस्तरातून झिरपून रक्तात जातं, आणि रक्तातलं पेप्सिनोजेन मोजून या रोगाचा अंदाज घेतात तो याच कारणाने.

आता जी पेशींच्या बाजूने पाहा. समोर आम्ल दिसत नाही, डी पेशींकडून आवर नाही. त्या गॅस्ट्रिन सोडतच राहतात. पण ज्या पेशींसाठी हा निरोप आहे त्याच मेलेल्या असतात, म्हणून आम्ल वाढत नाही आणि गॅस्ट्रिन थांबत नाही. बाधित वासरांच्या रक्तात गॅस्ट्रिन खूप वाढलेलं सापडतं, आणि त्याच काळात त्यांचं खाणं घटतं. वाढलेल्या गॅस्ट्रिनचा कोटीपोटाच्या हालचालीवर आणि भुकेवर परिणाम होतो, असं मानायला प्रयोगांचा आधार आहे. वासरू खात नाही याचं कारण केवळ ‘पोट दुखतं’ हे नसून शरीरात फिरणारा एक न थांबणारा निरोपही असू शकतो. जंताचं औषध देऊनही वजन लगेच का भरत नाही, हेही यावरून लक्षात येतं: जंत मेले तरी आम्ल बनवणाऱ्या पेशी पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो.

चौथ्या पोटाच्या वरच्या भागात आणखी एक संप्रेरक बनतं, ग्रेलिन. त्याचा शोध 1999 मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी उंदराच्या जठरात लावला. गाईचं ग्रेलिन 27 अमिनो आम्लांचं असतं, माणसाचं 28. पाचक संप्रेरकांत ग्रेलिन उलट्या दिशेने चालतं. बाकीची बहुतेक ‘पुरे’ म्हणणारी, हे ‘खा’ म्हणणारं. चारा-खुराक घालायच्या ठरावीक वेळेआधी गाईच्या रक्तात ते वाढतं आणि खाल्ल्यावर उतरतं. म्हणजे सपाट चढउतारांच्या या प्राण्यातसुद्धा एक घड्याळ चालू असतं, आणि खाण्याची वेळ रोज बदलली की जनावर अस्वस्थ होतं त्यामागे ते असू शकतं. ग्रेलिन बनवणाऱ्या पेशी बंद प्रकारच्या, अन्नाशी थेट संबंध नसलेल्या, हेही इथे जुळतं.

चरबी वाढवली की खाणं का घटतं

लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात या पेशींची सर्वांत जास्त गर्दी असते. गाईचं लहान आतडं सुमारे 40 मीटर लांब असतं, आणि निर्णय बरेचसे पहिल्या काही मीटरांत होतात. एस पेशी आम्ल ओळखून सिक्रेटिन सोडतात. आय पेशी चरबी आणि प्रथिनं ओळखून कोलेसिस्टोकायनिन सोडतात, ज्याला सगळे सीसीके म्हणतात. के पेशी जीआयपी, एम पेशी मोटिलिन. ही अक्षरं जुन्या काळातली आहेत. एकच पेशी अनेकदा दोन-तीन संप्रेरकं बनवते आणि आतड्यातली जागा बदलली की हे मिश्रणही बदलतं, हे आता कळलं आहे. तरी बोलण्याच्या सोयीसाठी अक्षरं टिकून आहेत.

सिक्रेटिनबद्दल थोडंच सांगतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या स्वादुपिंडरसात बायकार्बोनेट कमी असतं, म्हणून चौथ्या पोटातून आलेलं आम्ल लहान आतड्यात बऱ्याच अंतरापर्यंत टिकतं. कुत्र्यात जे झटपट होतं ते इथे सावकाश होतं. पोट-आतड्याची हालचाल वाढवणाऱ्या मोटिलिनचा व्यवहारात उपयोग झाला आहे: एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनच्या ग्राहीला चिकटतं आणि चौथं पोट लवकर रिकामं करतं, हे गाईंत आणि वासरांत दाखवून झालं आहे.

सीसीकेपाशी मात्र थांबायला हवं, कारण दुभत्या जनावराच्या खुराकाशी त्याचा रोजचा संबंध आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाय जेवढी ऊर्जा दुधात घालते तेवढी खाऊन मिळवू शकत नाही. मग सहज सुचतं की खुराकात चरबी वाढवावी, कारण थोड्या वजनात जास्त ऊर्जा बसते. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना जास्त चरबी सोसत नाही, तंतुमय भागाचं पचन मंदावतं. म्हणून कोटीपोटात न विरघळणारी, कॅल्शियमशी बांधलेली चरबी, म्हणजे बायपास फॅट, वापरतात. सूक्ष्मजीवांचा प्रश्न त्यामुळे बराच सुटतो. तरीही अनेकदा दिसतं की गाय एकूण खाणं कमी करते आणि वाढवलेली ऊर्जा त्यात परत जाते.

यामागे कोटीपोट नसून आतडं आहे हे कसं सिद्ध करायचं? संशोधकांनी नळी कोटीपोटातून पुढे सरकवून चरबी थेट चौथ्या पोटात सोडली. कोटीपोटाला त्या चरबीचा संबंधच आला नाही, आणि तरी खाणं घटलं. रक्तात सीसीके वाढलं, जीएलपी-1 हे आतड्याच्या शेवटच्या भागातल्या एल पेशींचं संप्रेरकही वाढलं. संपृक्त चरबीपेक्षा असंपृक्त चरबीने जास्त घट झाली. मला हे विशेष वाटतं, कारण कोटीपोटातून नेहमीच्या वाटेने जाणारी असंपृक्त चरबी बरीचशी संपृक्त होऊनच पुढे येते. बांधून किंवा नळीने पुढे नेली की आतड्याच्या पेशींना असंपृक्त मेदाम्लांचा असा लोंढा भेटतो जो नेहमी भेटत नाही, आणि त्या जोरात वर्दी देतात. पुढे कालवडींवरच्या प्रयोगांत सीसीकेचं काम अडवणारं द्रव्य दिल्यावर चरबीच्या खुराकावर घटलेलं खाणं पुन्हा वाढलं. संबंध नुसता सोबतीचा नव्हता, कारणाचा होता.

म्हणून आहारतज्ज्ञ जे सांगतात की खुराकातली एकूण चरबी शुष्क वजनाच्या 6 ते 7 टक्क्यांपुढे नेऊ नका, त्यामागे सूक्ष्मजीवांइतकाच या आय आणि एल पेशींचा आवाज आहे. बायपास म्हणजे कोटीपोट टाळणं. पेशी टाळता येत नाहीत. कुठली चरबी, संपृक्त की असंपृक्त, हा प्रश्न किती टक्के या प्रश्नाइतकाच विचारायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

एक सावधगिरी. गाईची भूक केवळ या संप्रेरकांनी ठरत नाही. चारा जाडाभरडा असेल तर कोटीपोट भरल्याचा ताणच तिला थांबवतो. धान्य जास्त असेल तर प्रोपियॉनिक आम्ल वेगाने यकृतात पोहोचतं आणि यकृताकडून मेंदूला निरोप जातो, असं मांडणारा एक भक्कम विचारप्रवाह आहे. संप्रेरकं या निर्णयातला एक भाग आहेत.

वासरू: तीच पेशी, दुसरं आयुष्य

नवजात वासराचं कोटीपोट छोटं आणि निष्क्रिय असतं. चारही कप्प्यांत मोठं असतं ते चौथं पोट. वासरू चोखू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या पन्हळीच्या दोन्ही कडा आखडून एकमेकींना भिडतात, आणि तयार झालेल्या नळीतून दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. तिथे कायमोसिन हे विकर काही मिनिटांत दुधाचा घट्ट गोळा बनवतं. पातळ भाग, म्हणजे लॅक्टोज आणि विरघळलेली प्रथिनं, आधी आतड्यात सरकतो. केसीन आणि चरबी गोळ्यात अडकलेली असतात, ती तासन् तास हळूहळू सुटतात.

या वयात पेशींपुढे येणारं अन्न मूळ स्वरूपात येतं, वाटेत कुणी ते बदललेलं नसतं. लॅक्टोज आहे, चरबी आहे, आणि तीही जेवणाच्या वेळी एकदम. वासराचं वागणं इथे माणसासारखं असतं: दूध पिलं की रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन वाढतं, आतड्याची संप्रेरकं वाढतात. जीआयपी आणि जीएलपी-1 या दोघांचं माणसातलं मोठं काम हेच, की आतड्यात साखर आली की स्वादुपिंडाला आगाऊ कळवायचं आणि इन्सुलिनची तयारी करायची.

मग वासरू चारा-खुराक खाऊ लागतं, कोटीपोट वाढतं, सूक्ष्मजीव बस्तान बसवतात. आतड्यात पोहोचणारी साखर आटत जाते. रक्तातली साखरही उतरते. नवजात वासरात ती माणसाच्या आसपास असते, प्रौढ गाईत साधारण 45 ते 75 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आणि तरी याच गाईला साखर प्रचंड लागते. दिवसाला 30 लिटर दूध देणारी गाय जवळपास दीड किलो लॅक्टोज बाहेर टाकते आणि त्यासाठी लागणारी साखर जवळजवळ सगळी यकृतात, मुख्यतः प्रोपियॉनिक आम्लापासून, बनते. आतड्यातून साखर येत नसेल तर साखरेची आगाऊ वर्दी देणाऱ्या पेशींचं काय? त्या नाहीशा होत नाहीत. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळतं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत जीआयपीला साखरेपेक्षा चरबीने जास्त चालना मिळते. रेणू तोच, अर्थ बदललेला.

जीएलपी-1 च्या बाबतीत गाईचा वाटा आणखी एका कारणाने आठवावा. आज मधुमेहासाठी आणि वजन कमी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी औषधं याच संप्रेरकाची नक्कल करतात. ग्लुकॅगॉन या रक्तातली साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकात ग्लुकॅगॉनशिवाय त्यासारखे आणखी दोन पेप्टाइड दडलेले आहेत, हे 1983 मध्ये सस्तन प्राण्यांत उघड झालं, आणि ज्या जनुकांतून ते वाचलं गेलं त्यांत गाईच्या स्वादुपिंडातून घेतलेलं जनुक होतं. त्या दोहोंपैकी पहिला जीएलपी-1, दुसरा जीएलपी-2.

दुसऱ्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं, पण वासरं वाढवणाऱ्यासाठी तो मोलाचा आहे. आतड्याच्या शेवटच्या भागातल्या एल पेशी जीएलपी-1 सोबतच तो सोडतात. तो आतड्यालाच वाढायला सांगतो: अस्तराच्या पेशी जास्त बनतात, आतड्याकडे रक्त जास्त येतं. वासरांना जीएलपी-2 टोचल्यावर लहान आतड्याचं वजन आणि रक्तप्रवाह वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. व्यायल्यानंतर गाईचं खाणं वाढतं तसं तिचं आतडंही वाढतं, त्यातही याचा हात असावा असं मानलं जातं. आतड्याला खाऊ घातलं की ते वाढतं, या जुन्या निरीक्षणामागची एक यंत्रणा यातून हाती लागली. हगवण होऊन अस्तर झिजलेल्या वासराला काहीच न देता उपाशी ठेवण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे, त्याचं एक कारण हेही. आतड्यात काही पोहोचलंच नाही तर या पेशींना द्यायला वर्दी नाही आणि अस्तराला वाढायला निरोप नाही.

हगवणीचा विषय निघाला म्हणून सेरोटोनिन. शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसतं, आतड्यातल्या एका प्रकारच्या पेशींत असतं, ज्या हायडेनहाइन आणि कुल्चित्स्की यांनी पाहिल्या होत्या. रोटाव्हायरस या पेशींमधून सेरोटोनिन सोडायला लावतो, हे माणसांच्या पेशींवर आणि उंदरांवर दाखवलं गेलं आहे. त्या सेरोटोनिनने आतड्याच्या भिंतीतले मज्जातंतू चाळवतात आणि पाणी पोकळीत ओढलं जातं. लहान वासरांच्या हगवणीचं रोटाव्हायरस हे एक मोठं कारण. अस्तर खराब झालं म्हणून पाणी शोषलं जात नाही हे खरंच, पण त्यात हा निरोपही मिसळलेला असणं अगदी शक्य आहे.

मोजताना काय निसटतं

शेवटी एक तांत्रिक बाब, जी बातम्यांत कधी येत नाही पण निष्कर्ष वाचताना कळीची असते. ही संप्रेरकं फार थोडा वेळ टिकतात. जीएलपी-1 सुटल्याबरोबर डीपीपी-4 नावाचं विकर त्याचा तुकडा पाडतं, आणि त्याचं काम करणारं रूप एक-दोन मिनिटांत निम्मं होतं. ग्रेलिनच्या रेणूला एक मेदाम्ल जोडलेलं असतं. ते गळालं की त्याचं नेहमीचं काम होत नाही, आणि रक्त नळीत घेतल्यावरही ते गळत राहतं. नमुना लगेच थंड केला नाही किंवा नळीत विकरांना रोखणारं द्रव्य आधी घातलं नाही, तर प्रयोगशाळेत मोजलं जाईल ते जनावराच्या शरीरातलं नव्हे, नळीत उरलेलं.

दुसरं असं की रक्त सहसा मानेच्या शिरेतून घेतात. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं, मग सगळीकडे पसरतं. मानेपर्यंत पोहोचता पोहोचता संप्रेरक विरळ झालेलं असतं, बरंच मोडलेलंही असतं. आणि यांतल्या अनेक निरोपांना रक्तात जायचंच नसतं. पेशीच्या बुडाशी मज्जातंतूची टोकं असतात. उंदरांत तर 2018 मध्ये असंही दिसलं की यांतल्या काही पेशी मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूशी थेट जोडणी करतात आणि निरोप सेकंदाच्याही आत पोहोचतो. तो मानेच्या शिरेतल्या रक्तात कधीच दिसणार नाही. त्यामुळे ‘अमुक खुराकाने संप्रेरकात फरक पडला नाही’ असं कुठे वाचलं, तर आधी तीन गोष्टी शोधाव्यात: रक्त कुठल्या शिरेतून घेतलं, खाल्ल्यानंतर किती वेळाने घेतलं आणि नळीत काय घातलं होतं.